सिम धक्क्यावरून देव गेला

जॉर्ज टाऊनच्या ठाण्यात फोन वाजला तेव्हा इन्स्पेक्टर लेचुमीची कॉफी अजून वाफाळत होती.

"मॅडम, लवकर या! सिम धक्क्यावरून बी चू बोलतेय. आमचा देव गेला!"

"कुठे गेला?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

सिम धक्का म्हणजे समुद्रात खांबांवर उभ्या लाकडी घरांची एक लांबलचक गल्ली. राहणारे सगळे चिनी, सगळ्यांचं आडनाव सिम. घरं कोणाच्याच नावावर नाहीत, ती कुळाची. कुळ म्हणेल तोवर राहायचं. आणि चोराला धक्क्यावर थारा नाही, हा तिथला जुना नेम.

लेचुमी पोचली तेव्हा धक्क्याच्या तोंडाशी असलेल्या देवळापुढे ही गर्दी. त्यात दोन गोरे पर्यटक मजेत फोटो काढत होते. बी चू मावशीने त्यांना हाकललं आणि वाट करून दिली.

देवाचं आसन रिकामं होतं. कुलूप मात्र शाबूत. खाली फरशीवर कौल लावायचे दोन अर्धचंद्री लाकडी तुकडे पडले होते. एक पालथा, एक उताणा. म्हणजे देवाचा होकार.

"चोराने कौल लावला?" लेचुमीने विचारलं.

"मेल्याला लाज वाटली असेल," मावशी म्हणाली. "पण चोर सापडलीय, मॅडम. हुई लान! तिच्या तांदळाच्या पिंपात हा निघाला."

मावशीने लाल रेशमी झगा पुढे केला. पाठीवर सोनेरी जरीचा ड्रॅगन. देवाच्या अंगावर असतो तो.

लेचुमीने झगा हातात घेतला, नाकाशी नेला आणि परत दिला.

हुई लान देवळाच्या पायरीखाली उभी होती. तिशीतली बाई. दंडावर काळ्या कापडाचा तुकडा टाचलेला. गेल्याच महिन्यात तिचा नवरा बोटीवर गेला, परत आला तो त्याचा देहच.

"वर ये," लेचुमी म्हणाली.

"नको, मॅडम. मला सुतक आहे. आमच्यात घरच्यांना शंभर दिवस पाळावं लागतं."

"नाटकं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. "देव कुठे लपवलास ते सांग!"

"किल्ल्या किती आहेत?" लेचुमीने विचारलं.

उत्तर तेक होक काकांनी दिलं. ते कुळाचे प्रमुख. पांढरे केस, मऊ आवाज. "दोन. एक माझ्या गळ्यात. दुसरी हिच्याकडे, कारण देऊळ हीच झाडायची. मॅडम, एक विनंती करतो. पोर दुःखात आहे, तिचं डोकं ठिकाणावर नाही. तुरुंगात नका घालू. गुपचूप माहेरी जाऊ दे. घर सोडलं की विषय संपला."

हुई लानचे डोळे भरून आले. "काका, तुम्हालाही मीच वाटते?"

"मला काय वाटतं त्याला कोण विचारतो, बाळ?"

लेचुमीने तिला बाजूला घेतलं. "तुझ्या घरी कोण येतं जातं?"

"आता कोण येणार? सुतकाच्या घराकडे कोणी फिरकत नाही. फक्त काका. रोज सकाळी पेज आणतात. परवा तांदूळही त्यांनीच भरून दिले. नवऱ्याच्या तिरडीला पहिला खांदा त्यांचाच होता, मॅडम. ते आहेत म्हणून मी उभी आहे."

"आणि तुझं घर कुठलं?"

"अगदी टोकाचं. तिन्ही बाजूंना समुद्र."

लेचुमी परत आली. "काका, तुमचा उत्सव जवळ आलाय ना? देवाला नवा झगा शिवायला टाकला असेल."

"टाकलाय. शिंप्याने अजून दिला नाही."

"कुठला शिंपी?"

काका घुटमळले. नाव मावशीनेच सांगितलं. लेचुमीने तिथेच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"सिमांचा झगा? अहो, तो सोमवारीच गेला," शिंपी म्हणाला. "तेक होक स्वतः घेऊन गेले. ड्रॅगन जुन्यासारखाच हुबेहूब काढून दिला, विचारा त्यांना!"

गर्दीतल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या.

"मावशी, झग्याचा वास घ्या," लेचुमी म्हणाली.

मावशीने घेतला. "खळीचा वास येतोय. कोऱ्या कापडाचा."

"तुमचा देव वर्षानुवर्षं उदबत्तीच्या धुरात बसलाय. त्याच्या अंगावरच्या झग्याला धुराचा वास नको? हा त्याने कधी घातलाच नाही. चोराला हुई लानवर आळ आणायचा होता. पण देवाच्या अंगावरचा झगा सुतकाच्या घरात ठेवायला त्याचा हात धजला नाही. म्हणून त्याने न वाहिलेला, कोरा ठेवला. कोरा झगा म्हणजे नुसतं कापड. तो होता एकाच माणसाकडे."

"म्हणजे मी माझ्याच देवाची चोरी केली?" काका हसू आणत म्हणाले. "मॅडम, तुम्ही तमिळ, तुम्हाला आमच्यातलं काय कळणार?"

"सुतकात देवळाची पायरी आम्हीही चढत नाही, काका. हुई लान आत्ता माझ्यासमोर चढली नाही, जीवावर बेतलेलं असताना. ती आत जाऊन देवाला हात लावेल? कौल लावणारा चोर देवाला भिणारा होता, आणि त्याला सुतक नव्हतं. आणखी एक. इथे आल्यापासून जो तो विचारतोय, देव कुठे आहे? तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्ही बोललात ते तिच्या घर सोडण्याबद्दल."

काकांच्या घरी माडीवर कपाटामागे देव सापडला. जुन्या, धुराने काळवंडलेल्या झग्यात. डोळ्यांवर लाल फडकं, पुढ्यात कोमट चहाचा पेला.

"मुलाला टोकाच्या घरात पर्यटकांसाठी लॉज काढायचंय," काका खाली बघत पुटपुटले. "ती कुळाची सून, तिला नुसतं जा कसं म्हणणार? पण मी देवाला विचारलं होतं. तो हो म्हणाला."

"काय विचारलंत?" लेचुमी कडाडली.

"माझ्या घरी येतोस का, एवढंच."

"पुढचं विचारायची छाती झाली नाही."

काकांना गाडीत बसवलं. मघाशी ओरडणारे आता हुई लानभोवती जमले. मावशीने तिचा हात धरला. "झालं गेलं विसर, पोरी. तू राहा हो. तुझं घर तुझंच."

हुई लानने हात सोडवून घेतला. नवऱ्याची तिरडी उचलली तेव्हाही ती रडली नव्हती असं सगळा धक्का सांगत होता. आता मात्र ती देवळाच्या पायरीखाली फतकल मारून बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"विधवा गेल्या महिन्यात झाले, मॅडम," ती म्हणाली. "पोरकी आज झाले."