तिसऱ्या भाषेतली रेघ

प्रिंटर आपणहून घरघरला, तेव्हा भाच्याच्या कपातला चहा बशीत सांडला.

"बघा," आलेखबाईंची मुलगी म्हणाली. "रोज सकाळी हे असंच. आई गेली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

व्हरांड्यात त्या तिघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. जलसंशोधन केंद्राची माणसं हल्ली हा कागद येऊन गेल्यावरच कामाला येत. कागद सावकाश बाहेर सरकला आणि ट्रेमध्ये पडला. त्यावर एकच रेघ होती, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली. वर शीर्षक, बाजूला आणि खाली लेबलं, अगदी तळाशी एक बारीक ओळ. भाच्याला त्यातलं एक अक्षर लागेना. हात धरून चाललेल्या पोरांसारखी ती अक्षरं एकमेकांत अडकलेली होती.

"ही आईची भाषा. पैलतीरावरची," मुलगी म्हणाली. "मला येत नाही. तिने शिकवली नाही, मीही कधी विचारलं नाही."

भाचा चाळिशी उलटलेला, अंगापिंडाने भरलेला गृहस्थ. पण भुताचं नाव काढलं की त्याची पाचावर धारण बसे. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणजे त्याची सख्खी आत्या. खासगी तपास करणारी म्हणून तिचा असा दबदबा, की परकी माणसंही तिला आत्या म्हणत आणि ओघाने त्याला भाचा.

आत्याने कागद उचलून गालाला लावला. "गरम आहे. भुतांचा श्वास गार असतो म्हणतात." मग ती मुलीकडे वळली. "बाळ, तुला माझ्याकडून काय हवंय?"

मुलीने प्रिंटरवर हात ठेवला. तलावाच्या काठावर तीन भाषांची माणसं राहत, म्हणून केंद्राचा प्रत्येक आलेख तीन भाषांत निघे, आणि ते काम तिच्या आईचं होतं. म्हणूनच त्यांना सगळे आलेखबाई म्हणत. गेल्या महिन्यात त्या बोटीच्या धक्क्याखाली बुडालेल्या सापडल्या.

"आईने आलेख लावला होता, की पाण्यात शिसं वाढतंय. लोकांनी पाणी प्यायचं बंद केलं. आता सगळे म्हणतात, तो आलेख चुकला होता. तिनेच शेवटच्या संध्याकाळी दुरुस्त करून नवा काढला आणि लाजेपायी जीव दिला." तिने आत्याचा हात धरला. "आत्या, मला एवढंच सांगा. आई मला टाकून गेली का?"

संचालक भेटले ते खुर्चीच्या टोकावर बसून. त्यांच्या संगणकावर कापडी आच्छादन होतं आणि आच्छादनावर धूळ.

"मला सरळ रेघ मारता येत नाही हो. मी फक्त सह्या करतो," ते म्हणाले. त्यांनी शेवटच्या आलेखाचे तीन कागद पुढे ठेवले. तिन्हींवर रेघ खाली उतरत गेलेली. भाच्याने तिसरा कागद डोळ्यांजवळ नेला. यातली अक्षरं सुटी सुटी होती, माळ तुटून मणी ओळीत ठेवल्यासारखी.

"याचा टाइप निराळा आहे वाटतं," तो म्हणाला.

आत्याने तो कागद पिशवीत घातला. "बाईंच्या खोलीत कोण जातं?"

"कुणी नाही. सकाळी त्या सापडल्या आणि लगेच पोलिसांनी खोलीला सील ठोकलं. संगणक आत चालूच आहे, तलावातल्या यंत्राचे आकडे त्यात येतात ना. पण छपाई बंद आहे. सील लागताना उपसंचालकांनी पोलिसांना पडद्यावर दाखवलं, रोजचे आलेख छापायची कामं थांबवलेली होती. म्हणूनच तर लोकांची गाळण उडालीय." त्यांनी घाम पुसला. "मी एकदा प्रिंटरचा प्लग काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला, तर दोन कागद आले."

"कुणाला दाखवले हे कागद?"

"भुताचे कागद दाखवून केंद्राची शोभा करू? सगळे या खणात आहेत."

उपसंचालक तरुण होते, पण डोळे खोल गेले होते. आत्याने सकाळचा कागद सहज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी निखारा पडावा तसा हात मागे घेतला.

"ताईंनी मला हाताला धरून शिकवलं," ते म्हणाले.

"शेवटचा आलेख त्यांनीच काढला?"

"त्यांनीच. त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच संगणकावर. मी खुर्चीमागे उभा होतो. तिन्ही कागद माझ्यादेखत निघाले. मग मी घरी गेलो."

"आणि आधीचा चुकला कसा?"

"तलाव स्वच्छ आहे हे माझ्या अहवालात सिद्ध झालं होतं. त्यावरच तर मला हे पद मिळालं. ताईंचं यंत्र बिघडलं असणार." ते कागदाकडे न बघता म्हणाले, "तो उचला ना. कृपा करा."

धक्क्यावर नावाडीकाका दोर गुंडाळत होते. पैलतीरावरून रोज येऊन मोजणीचं यंत्र पाण्यात सोडायचं काम त्यांच्याकडे. फळ्या शेवाळाने बुळबुळीत झाल्या होत्या. भाच्याने कठड्याला मिठीच मारली.

"बाई आमच्या गावची लेक," काका म्हणाले. "आमच्या भाषेतला कागद आधी माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. मगच म्हणायची, जा, लाव गावच्या खांबाला."

"शेवटचाही वाचलात?"

"तो उपसाहेबांनी हातात दिला. बाई तर गेलेली. छपाई धड नव्हती, गावात कुणालाच लागला नाही. पण रेघ उतरलेली दिसली, म्हटलं सुटलो. पुन्हा तलावाचं पाणी भरायला लागलो." त्यांनी दोराची गाठ उगाचच दोनदा आवळली. "नात मात्र हल्ली फार रडते. पोट धरून बसते."

आत्याचा चेहरा उतरला. "काका, चला आमच्याबरोबर. आत्ताच."

संचालकांच्या खोलीत सगळे जमले. आत्याने दोन कागद शेजारी शेजारी मांडले. एक सकाळचा, एक शेवटचा.

"काका, हा वाचा. तळाची ओळ राहू द्या जरा."

काकांनी उजवीकडून बोट धरून सकाळच्या कागदावरचं शीर्षक घडाघडा वाचलं. मुलीने डोळे मिटून ऐकलं.

"आता हा."

"हा नाही येत. अक्षरं आमचीच, पण सुटी केलीत. आणि लावलीत उलटी, शेवटलं आधी."

"भाच्या, तू टाइप निराळा म्हणालास तो हा," आत्या म्हणाली. "या भाषेत अक्षरं जोडून, उजवीकडून डावीकडे लिहितात. आलेख काढणाऱ्या साध्या संगणकाला ते कळत नाही. तो एकेक अक्षर सुटं करून डावीकडून मांडतो. बाईंनी आपल्या संगणकावर त्याची सोय केली होती. तिथून निघालेलं प्रत्येक अक्षर जोडलेलं आहे, आज सकाळचंसुद्धा. मग हा शेवटचा आलेख त्यांच्या संगणकावर निघालाच नाही. जुन्या आलेखावरून शीर्षक उचलून कुणीतरी तो दुसरीकडे काढला. अशा माणसाने, ज्याला अक्षरं मोडल्याचं दिसलंच नाही."

"पण आत्या, रोजचे कागद?" भाच्याने विचारलं. "ते कोण पाठवतं?"

"बाईच. रोज सकाळी तीन भाषांत तीन आलेख छापले जावेत, अशी तजवीज त्यांनी करून ठेवली होती. त्या रात्री कुणीतरी खोलीत जाऊन ती थांबवली. पण तिसऱ्या कामाचं नाव बाईंच्या भाषेत होतं. त्याला ते ओळखता आलं नाही, म्हणून दोनच थांबली. सकाळी सील लागलं आणि चूक सुधारायची सोय उरली नाही. काकांना ही भाषा येते, ते फसले नसते. संचालकांच्या संगणकावरची धूळ तुम्ही पाहिलीच." आत्या उपसंचालकांकडे वळली. "आणि खुर्चीमागे उभं राहून तिन्ही कागद निघताना पाहिल्याचं तुम्ही सांगितलंत. चला, तुमच्या संगणकावर हेच शीर्षक छापून बघू."

ते उठले नाहीत.

"मी ढकललं नाही," ते म्हणाले. "धक्क्यावर विनवण्या करत होतो, आलेख मागे घ्या म्हणून. ताई म्हणाल्या, पोरं पितात ते पाणी. मी हात धरला, त्यांनी हिसडा दिला. फळ्या ओल्या होत्या." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "काका पलीकडेच नाव बांधत होते. हाक मारली असती, तर आले असते."

"मग?"

"नाही मारली. आता रोज सकाळी प्रिंटर वाजला, की वाटतं, ताईच हाक मारतायत."

भाच्याला त्या माणसाची कीवही आली आणि शिसारीही.

मुलीने सकाळचा कागद काकांसमोर धरला. "तळाची ओळ काय आहे?"

काकांनी ती मनातल्या मनात वाचली. मग त्यांनी खिशातला फोन काढला, घरी लावला आणि आपल्या भाषेत ओरडून बोलू लागले. खोलीत कुणाला शब्द कळला नाही, पण त्यांचा हात हवेत कुणाच्या तरी तोंडचा पेला काढून घेत होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं, "लिहिलंय, पाणी उकळलं तरी हे विष जात नाही. लेकरांना देऊ नका."

संचालकांनी खण उघडला. प्रत्येक कागदाच्या तळाशी तीच ओळ होती.

"म्हणजे ती मला टाकून गेली नव्हती," मुलगी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

आत्याने तिला जवळ घेतलं. "नाही गं. ती अजून कामावर आहे."

दुसऱ्या दिवशी प्रिंटर घरघरला तेव्हा मुलगी आणि काका शेजारी उभे होते. आदल्या संध्याकाळी तिने काकांकडून शीर्षक आणि तळाची ओळ गिरवून घेतली होती. तिने गरम कागद उचलला, उजवीकडे पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "काका, आज मी वाचते. चुकले तर सांगा, मग खांबाला लावू."