आवाज फक्त वळणावर

"कट्... कट्... कटाक!"

जीप डावीकडे वळली आणि पायाखालून तो आवाज पुन्हा आला. मागच्या बाकावर बसलेल्या चेतनाने पुढच्या सीटची कड घट्ट धरली.

"काका, परत वाजनं."

हेमराजकाकांनी गाण्याचं बटण आणखी पिळलं. "गाडी जुनी शे, वाजनारच ती. आते परत आवाजनं नाव काढं, ते आठेनच माघारी फिरावसू. मंग बठा होळीले घरमा."

माघारी फिरणं चेतनाला परवडणारं नव्हतं. शहाद्याच्या शाळेत तिच्या बाकावर बसणाऱ्या रुपाचं गाव काठी. यंदा रुपाचा मोठा भाऊ पहिल्यांदाच मोरपिसांचा टोप चढवून, कमरेला घुंगरं बांधून राजवाडी होळीत नाचणार होता. "दिवस मावळायच्या आत ये, त्याला सजवताना बघायचंय," असं रुपाने दहादा बजावलं होतं. पण काठीच्या आधी देवगोईचा घाट लागतो. घाट म्हणजे वळणंच वळणं, आणि आवाज तर नेमका वळणावर येत होता.

"टायरमध्ये खडा अडकला असेल," शेजारून रंजिता कुजबुजली. रंजिता आणि भाग्येश ही काकांचीच मुलं, त्यामुळे वडिलांच्या रागाचा त्यांना चांगलाच अनुभव होता.

"खडा सरळ रस्त्यावर गप्प का बसेल? त्याला काय वळणाची हौस आहे?" भाग्येश म्हणाला. "इंजिनच असणार."

तेवढ्यात उतार लागला. डिझेल वाचवायचं म्हणून काकांनी सवयीप्रमाणे गाडी न्यूट्रल केली. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं. पुढे उजवं वळण आलं आणि पुन्हा तेच, कट्... कटाक!

"इंजिन नाही," चेतना हळूच म्हणाली. "चाकांबरोबर फिरणारं काहीतरी आहे."

पुढे मोरीचं काम चालू होतं. रस्ता बाजूच्या मुरमावरून काढला होता आणि त्यात चांगली दोन वाकडी वळणं होती. तिघांनी श्वास रोखून कान दिले. एकदाही आवाज आला नाही. जीप परत डांबरावर चढली, वळली आणि कटाक पुन्हा हजर झाला.

"मुरमावर मुकाट आणि डांबरावर बडबड्या!" भाग्येशने डोकं खाजवलं. "असा कसला आवाज?"

पुढे काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढत होते. "पुढला चाकमा हवा कमी शे वाटस," असं पुटपुटून त्यांनी तोही विषय संपवला. त्यांच्या शेजारी नर्मदाआजी मांडीवर लाडवांचा डबा धरून डुलक्या घेत होती.

समोर घाटाचा पिवळा फलक दिसला. आता गाडी थांबली नाही, तर वर कुठेही थांबायची सोय नव्हती.

"रंजे, ओकारी काढ," चेतना तिच्या कानात म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच."

शाळेच्या नाटकात रंजिताला दरवर्षी झाडाचंच काम मिळे. पण आज तिने असा काही आवाज काढला, की आजी दचकून जागी झाली.

"थांबाड रे हेमराज! पोर भडभडी ऱ्हायनी!"

घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. कपाळाला आठ्या घालत काकांनी तिथे जीप उभी केली आणि चावी गाडीतच ठेवून ते चहाला गेले. आजी रंजिताची पाठ चोळू लागली. चेतनाने भराभर चारही चाकांना मोठे दगड लावले आणि भाग्येश पाठीवर झोपून जीपखाली सरकला.

"मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट ठीक दिसतोय," खालून त्याचा आवाज आला. मग तो पुढे सरकला. "चेतना, आपल्या ट्रॅक्टरमागच्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला सांध्यात क्रॉस असतो ना, तसाच इथे पुढच्या शाफ्टला आहे. त्याच्याभोवती लाल भुकटी पसरलीय. हात जवळ नेला तरी धग लागते. आणि त्याच्या टोकावरची एक वाटी अर्धी बाहेर आलीय!"

गेल्या वर्षी शेतात रोटाव्हेटरचा शाफ्ट तुटला होता. गरगर फिरत त्याने जाड पत्र्याचं आवरण कागदासारखं चुरगाळून टाकलं होतं. इथे तर त्या शाफ्टच्या वरच आजीची सीट होती, आणि शेजारूनच ब्रेकची नळी गेली होती.

"पण पुढच्या शाफ्टवर जोर येतो तो फोर व्हील टाकून चारही चाकं जोडल्यावर," भाग्येश बाहेर येत म्हणाला. "डांबरी रस्त्यावर फोर व्हील कोण टाकतं?"

चेतनाला एकदम आठवलं. मागच्या आठवड्यात कारखान्याला जाणारी उसाची ट्रॉली नुकतंच पाण्याचं भरणं दिलेल्या शेतात रुतली होती. काकांनी जीप लावून ती ओढली. ओढताना फोर व्हीलचा छोटा दांडा सारखा निसटायचा. तेव्हा काकांनी काहीतरी बांधायला मागितलं आणि चेतनानेच ठिबकच्या नळीचा तुकडा आणून दिला होता.

तिने दोन सीटांच्या मधलं गोणपाट उचललं. काळी नळी अजून तशीच होती, पक्की गाठ मारलेली.

"शाळेत कवायतीत हातात हात धरून रांग वळते तेव्हा काय होतं?" तिने विचारलं.

"बाहेरच्यांना लांब टांगा टाकाव्या लागतात आणि हात ओढले जातात," रंजिता म्हणाली.

"तसंच आहे हे! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मुरमावर ती घसरून जमवून घेतात. डांबरावर घसरता येत नाही, मग सगळी ओढाताण त्या क्रॉसवर येते."

"गाडीखाले कोन घुसनं व्हतं रे?" काकांचा आवाज गरजला. "बठा चटकन!"

ते चढून बसले आणि त्यांनी चावीकडे हात नेला. चावी जागेवर नव्हती. ती चेतनाच्या मुठीत होती.

"काका, पहिले खाले देखा. मंग चावी."

काकांचा चेहरा लाल झाला. घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. "अस्सं? मंग जाऊत माघारी! ऱ्हायनी तुन्ही होळी!"

चेतनाच्या डोळ्यांपुढे वाट बघणारी रुपा आली. तिला रडू फुटणार होतं, पण तिने मूठ सोडली नाही.

"फिरूत माघारी, काका. होळी नको माले. पन गाडी हालाडाना आगोदर खाले देखा."

काका खाली उतरले, पण वाकले नाहीत.

"हेमराज, वाक," आजी शांतपणे म्हणाली. "कंबर नही मोडस तुन्ही."

काका वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. वर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. त्यांनी गोणपाट बाजूला केलं, नळीची गाठ पाहिली आणि मटकन सीटवर बसले.

"मीच बांधेल शे हाई," ते म्हणाले. "सोडानं ध्यानच नही ऱ्हायनं."

चेतनाने चावी त्यांच्या हातावर ठेवली.

काकांनी नळी कापली, तरी दांडा हलेना. मुलांनी दगड काढले, काकांनी जीप जराशी मागे घेतली, आणि ओढ सुटून दांडा खटकन निसटला. मग पुन्हा दगड लावून शाफ्ट सोडवायला त्यांनी पाने बाहेर काढले. भाग्येशने खालून शाफ्ट तोलून धरला. शेवटचा बोल्ट सुटला आणि क्रॉसची वाटी आपोआप गळून धुळीत पडली.

"घाटमा पडती ते..." काका म्हणाले. त्यांनी शाफ्ट गोणपाटात गुंडाळून मागे टाकला. मागची दोन चाकं जीप ओढायला पुरेशी होती.

घाट चढताना गाणं बंद होतं. प्रत्येक वळणावर पाचही जण कान टवकारत होते, पण खालून एकदाही आवाज आला नाही.

काठीला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. रुपाचा भाऊ अंगणात बसला होता आणि त्याच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप बांधणं चाललं होतं. रुपाने धावत येऊन चेतनाला मिठी मारली. रुपाचे वडील नवलसिंग रामराम करायला आले, तेव्हा काका चेतनाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज गाडी मी चालाडी, पन आम्हले आठे पोचाडं ते या तीन पोऱ्हेस्नी."

"अन् मन्ही वकारीनं काय?" रंजिताने विचारलं, आणि सगळ्यात आधी आजी हसली.

दुसऱ्या दिवशी परतताना घाटाचं पहिलं वळण दिसलं, तसा काकांनी गाडीचा वेग कमी केला. त्यांनी आपण होऊन गाणं बंद केलं आणि मान मागे वळवून विचारलं, "चेतना, काही आयकू येस का?"

चेतनाने नीट कान दिला.

"काहीच नही, काका. चाला."