दाव्यासकट आणलेली सायकल

दूध संस्थेचा टेम्पो माळावरच्या वस्तीला यायचा बंद झाला आणि सुग्रीवला सायकल घेणं भाग पडलं. दुष्काळानं दूध आटलेलं; दोन कॅनांसाठी एवढा चढ कोण चढणार? ऐन थंडीत पहाटे दगडगोट्यांच्या वाटेनं दूध खाली न्यायचं, तर साध्या सायकलीचा चार दिवसांत खुळखुळा झाला असता. म्हणून तो नेकनूरच्या बाजारात जुनी गिअरची सायकल बघायला गेला.

म्हैस पारखावी तशी त्यानं सायकल पारखली. लाल होती ती दिसायला झोकदार, पण चाक फिरवलं की डुगडुगायचं. काळीचा रंग उडालेला. मात्र टायरची नक्षी शाबूत, ब्रेक करकचून लागणारे, सांगाड्याला कुठं डाग दिलेला नाही. त्यानं काळी घेतली. विकणारा म्हातारा डोंगराकडचा. कॅरिअरला बांधलेलं काथ्याचं दावं सोडायला तो वाकला, पण गाठ काही सुटेना. राहू द्या, कॅन बांधायला होईल, असं सुग्रीवच म्हणाला. म्हाताऱ्यानं हात मागं घेतला.

घरी त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, आधी दावंच पाहिलं. जनावर विकलं तरी दावं विकणाऱ्यानं ठेवून घ्यायचं असतं. जुन्या दाव्यासकट आणलेलं जनावर जुन्या ठाण्याकडं ओढ घेतं, हे तिकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"दावं कावून आणलं?"

"सायकल हाय ती, म्हैस न्हाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सायकल गोठ्याच्या भिंतीला होती तशीच होती. तोंड तेवढं डोंगराकडं वळलेलं, आणि टायरांना ओला चिखल. सुग्रीव बुचकळ्यात पडला. टँकर येतो तिथं जाऊन आला. तिथंही नुसता फुफाटा. चिखलाला शेवाळाचा वास होता. पंचक्रोशीतल्या विहिरींनी तळ दाखवून दोन वर्षं झालेली, मग शेवाळ आलं कुठून?

कुणीतरी सायकल नेत असणार, असं धरून त्यानं ती साखळीनं खांबाला जखडली, कुलूप घातलं. सकाळी कुलूप जागच्या जागी. चिखल मात्र पायडलपर्यंत चढलेला, आणि अंगणातल्या धुळीत चाकाची एक रेघ नाही.

खरं तर भ्यायला हवं होतं. पण त्याला आशा वाटली, आणि त्या आशेचीच त्याला लाज वाटली. दावणीला चार म्हशी होत्या. हौद कोरडा ठणठणीत. पाणी मिळालं नाही तर त्या जनावरांच्या छावणीला धाडाव्या लागणार होत्या, आणि तिथं गेलेल्यांतली एक तरी माघारी येईल याची त्याला खात्री नव्हती. अडला हरी, दुसरं काय! संध्याकाळी त्यानं दोन्ही रिकामे कॅन त्याच दाव्यानं कॅरिअरला बांधले.

सकाळी ते भरलेले होते.

पाणी नितळ होतं, बोटं दुखतील इतकं गार. म्हशींनी कॅनात तोंडं खुपसली. सुग्रीव काही बोलायच्या आत भामाबाईनंही ओंजळ लावली.

"लई गोड हाय," ती म्हणाली.

तो स्वतः प्यायला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

दिवस कलला तसं त्याच्या ध्यानात आलं, की म्हशींनी कडब्याला तोंडही लावलेलं नाही. चारही जणी डोंगराकडं तोंड करून उभ्या होत्या. कान नाही हलत, शेपूट नाही हलत.

मग मात्र तो भ्याला. विळा घेऊन त्यानं ते दावं कापलं आणि चुलीत घातलं. ते पेटेना. नुसतं चरचरत, वाफ सोडत राहिलं.

त्यानं भामाबाईला हाक मारली. ओ आली नाही.

ती अंगणाच्या कडेला पाठमोरी उभी होती. पुढं डोंगराकडच्या उताराची भेगाळलेली जमीन.

पाण्यात उतरणाऱ्या बाया खोचतात तसं तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलं. जरा थांबून, आणखी थोडं वर.

मग एक पाय पुढं टाकला, आणि जपून, तळ चाचपत खाली ठेवला.