रोखलेली दृष्टी

वेल्सच्या त्या उंच खोऱ्यात भुरभुर पावसाची कुणी दखल घेत नसे. परंतु त्या सकाळी एम्लिनच्या अंगणात उमटलेल्या किंकाळीची दखल घेणे त्याला भागच होते. दगडी भिंतीच्या कोपऱ्यात एक केशरी मांजर अंग फुलवून उभी होती. दोन हातांवर त्याचा मेंढ्या राखणारा कुत्रा मॉट, पोट भुईला टेकवून, दृष्टी रोखून निश्चल बसला होता. आणि मध्ये छत्री उगारलेली नेरिस — शाळेची नवी शिक्षिका, त्याच्या माडीवर त्याच दिवशी राहायला आलेली.

"आवरा त्याला! खाईल तो माझ्या बेकाला!"

"खात नाही हो. मेंढी समजून राखतोय."

"ही मेंढी दिसते तुम्हाला?"

"कळपात न रमणारी... असतात तशाही."

नेरिसने हसू ओठांतच अडवले. "महिनाभर बघते. बेका सुखानं राहिली तर ठीक. नाहीतर डोंगरापलीकडे दुसरी खोली बघेन."

आठ दिवसांतच एम्लिनला तो महिना फार तोकडा वाटू लागला.

मग दोघांनी मिळून शिकवणी आरंभिली. परस्परांचा गंध ओळखीचा व्हावा म्हणून घोंगड्यांची अदलाबदल झाली. बेकासाठी स्वयंपाकघरात उंच फळी बसली. मध्ये अर्धे दार, आणि मॉटच्या गळ्यात दोरी. त्याने मांजरीवरून दृष्टी काढली की चीजचा तुकडा — नियम एवढाच. तरीही दोन आठवडे मॉट अधिकच एकाग्र होत गेला. बेका फळीवरून उतरेना, धड खाईना.

एका दुपारी नेरिसने कान टवकारले. "काय पुटपुटलात आत्ता?"

"मी? कुठं काय..."

"'शाब्बास' म्हणालात! तो बेकाला डोळ्यांनी खिळवून बसलाय, आणि तुम्ही त्याला शाबासकी देताय!"

एम्लिन कानापर्यंत लाल झाला. माळावर ज्या रोखलेल्या दृष्टीने शंभर मेंढ्या हलतात, तिचे कौतुक करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्याच्या जिभेवर बसली होती.

"कुत्रा हुशार आहे हो," नेरिस म्हणाली, "मालकालाच शिकवायला हवं!"

त्या दिवसापासून चीजचे दोन वाटे होऊ लागले. एम्लिन गप्प राहिला की एक तुकडा त्यालाही मिळे... नेरिसच्या हातून.

महिन्याच्या अखेरच्या दिवशी अर्धे दार उघडले गेले, दोरी सुटली. बेका फळीवरून उतरली. मॉटने पाहिले, क्षणभर ताठरला — आणि हळूच तोंड फिरवून आडवा झाला. त्याच्या शेपटीला वळसा घालून बेका शांतपणे दुधाच्या बशीकडे गेली.

"आता... जायला कारण उरलं नाही," एम्लिन चुलीकडे पाहत म्हणाला.

"राहायला आहे का? अहो, महिनाभरात माझ्याकडे एकदा तरी नीट पाहिलंत?"

एम्लिनने चुलीतले लाकूड आत सारले. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आम्हा मेंढपाळांना एकच ठाऊक. ज्याच्याकडे रोखून पाहावं, ते दूर सरतं. तुम्ही सरावं, असं मला... नको होतं."

चहा ढवळणारा नेरिसचा चमचा थबकला.

"वेडाच आहेस. बघून तर बघ."

एम्लिनने मान वर केली आणि, आयुष्यात प्रथमच, धीर एकवटून तिच्या डोळ्यांत पाहिले.

नेरिस सरली खरी... पण त्याच्याच दिशेने.