चौदा नंबरच्या खुंट्या

विश्वास ठेवाच असा माझा आग्रह नाही. पण हे खरं आहे. खोटं रचायला मला सवड तरी कुठे आहे? समोर तीस तंबूंची व्यवस्था पडलीय आणि पाण्याच्या टँकरचा अजून पत्ता नाही.

गोष्ट गेल्या वर्षीची. हस्तकलेच्या मेळ्याच्या आदल्या दिवसाची, शुक्रवारची.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मैदानावर लख्ख ऊन होतं.

आमचा मेळा लहानसा. कुंभार, विणकर, सुतार असे तीसेक कारागीर गावाबाहेरच्या मैदानावर तीन दिवस तंबू ठोकून राहतात. कोणाचा तंबू कुठे, पाणी कुठे, संडास कुठे, हे सगळं माझ्या नवऱ्याचे काका बघायचे. ते सुतार होते. खिशात कायम मापाची दोरी, म्हणून सगळे त्यांना दोरीकाका म्हणत. गेल्या वर्षी मेळ्याला तीन महिने असताना ते गेले आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यांच्या दोन सवयी आधीच सांगते.

खुंटी ठोकताना तीन घाव जोरात आणि चौथा अगदी हलका. "तीन खुंटीला, एक जमिनीला," असं म्हणायचे.

आणि कोणी उशिरा येणार असेल, तर त्याच्या जागेवर चार खुंट्या न ठोकता ओळीने आडव्या ठेवायचे. म्हणजे जागा राखलेली. मग तिथे कोणी पाऊलसुद्धा ठेवत नसे.

त्यांच्या हातचा नकाशा मला मिळाला. त्यात तेरानंतर एकदम पंधरा. मधे नुसती मोकळी जागा.

मला वाटलं, म्हाताऱ्याची मोजणी चुकली. मी लाल पेनाने तिथे 'चौदा' लिहिलं आणि ती जागा माझ्या नणंदेला दिली. ती टोपल्या विणते. वर्षभर विणलेला माल घेऊन, लेकीला घेऊन पहिल्यांदाच येत होती. दोरीकाकांची फार लाडकी पुतणी.

तर साडेतीनला मी चौदा नंबरवरून गेले आणि...

सकाळी मी ठोकलेल्या चारही खुंट्या उपटून ओळीने आडव्या ठेवलेल्या.

भीती नाही वाटली. डोक्यात तिडीक गेली. कोणीतरी जुन्या खोडाने आपल्या दोस्तासाठी जागा अडवली, दुसरं काय!

शेजारी तेरा नंबरला कुंभारकाका तंबू लावत होते. "काका, कोणी केलं हे?"

"मी नाही बाई. आणि कोणी आलेलंही दिसलं नाही."

मी खुंट्या परत ठोकल्या. तेवढ्यात टँकरवाल्याचा फोन, रस्ता सापडत नाही म्हणून. मग संडासाच्या दाराला कडीच नाही म्हणून बोंब. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! तारेने कडी बांधत होते, तेव्हा मागून आवाज आला.

ठक्. ठक्. ठक्...

टक्.

वळून पाहिलं. चौदा नंबरवर कोणी नव्हतं.

खुंट्या पुन्हा ओळीने आडव्या.

पाच वाजता नणंद आली. खुंट्यांचं तिला सांगितलं नाही. काय बोलणार? आम्ही दोघींनी मिळून तंबू उभा केला. खुंट्या मी स्वतः ठोकल्या, घाम निघेपर्यंत. मग ती लेकीला घेऊन टोपल्या उतरवायला गाडीपाशी गेली आणि मी हातोडा घेऊन तिथेच, जरा पलीकडे, पाण्याचा नळ बघत बसले.

पाठ फिरवली ती पाचच मिनिटं.

तंबू पडल्याचा आवाज झाला नाही. वारा तर नव्हताच.

वळले तेव्हा तंबूची नीट घडी घातलेली होती. दोऱ्यांची गोल वेटोळी. अगदी दोरीकाका घालायचे तशी. आणि शेजारी चार खुंट्या... ओळीने.

नणंद समोर उभी. तिने घडीकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या हातोड्याकडे.

"वहिनी, मी नको होते तर तोंडावर सांगायचं होतं."

"अगं, मी नाही गं..."

"मग कोणी? इथे दुसरं कोण आहे? सगळ्यांना जागा आहे, फक्त मलाच नाही!"

ती गेली. वर्षभराची मेहनत गाडीत तशीच परत. लेक रडत होती. मला इतका संताप आला की मी त्या खुंट्या उचलून दूर भिरकावल्या.

कुंभारकाका हळूच जवळ आले. म्हणाले, "पोरी, चौदा नंबर दोरीकाकाचा स्वतःचा होता. वीस वर्षं तो तिथेच झोपायचा. आपलीच जागा कागदावर कशाला मांडायची, म्हणायचा."

सगळ्यांना जागा दिली होती मी. त्यांचीच तेवढी काढून घेतली होती.

नणंद वर्षभर माझ्याशी बोलली नाही. फोन केले, घरी गेले, शेवटी हात जोडले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं! महिन्यापूर्वी कुठे ती तयार झाली. "पण या वेळी असलं काही झालं, तर आपलं नातं संपलं," म्हणाली.

यंदा मी चौदा मोकळा सोडलाय. कोणाला तिथे चप्पलसुद्धा काढू दिलेली नाही. नणंदेला शेजारचा पंधरा दिलाय. पंधरावाला विणकर यंदा येणार नाहीये. बाकी सगळ्या जागा भरल्यात.

हे मी मैदानावर बसूनच लिहितेय. आज पुन्हा शुक्रवार. दुपारचे साडेतीन वाजून गेलेत.

चौदा नंबर शांत आहे.

पण पंधरा नंबरच्या खुंट्या...

चारही ओळीने आडव्या पडल्यात. दोनदा ठोकल्या, दोनदा तशाच.

पंधरा कधीच त्यांची जागा नव्हती. मग ही कोणासाठी राखलीय? त्यांचा सगळ्यात जास्त जीव कोणावर होता, ते घरात सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्यांदा ठोकायचा मला धीर होत नाही.

आत्ताच नणंदेचा फोन आला. "वहिनी, वळणावर पोचलोय गं. या वेळी जागा नक्की आहे ना माझी?"

माझ्या पाठीमागून आवाज येत होता. ठक्. ठक्. ठक्...

"ऐकू येतंय मला," ती हसली. "ठोकतेयस ना खुंट्या?"

हातोडा माझ्या मांडीवर होता.