घरट्याची पाटी

"टॉरिडनही गेलं," लॉक्लन मामा म्हणाला आणि त्याने नकाशावर फुली मारली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्कॉटलंडचा नकाशा पसरला होता. मॉर्वन, तिचा दहा वर्षांचा भाऊ स्ट्रुअन आणि शेजारची किर्स्टी त्याच्यावर वाकली होती. जानेवारीपासून तिघांनी ही सहल आखली होती. मामाच्या जुन्या व्हॅनमधून पंधरा दिवस भटकायचं, मोठमोठ्या धोंडी दिसतील तिथे उतरायचं, खाली जाड गादी टाकायची आणि दोराशिवाय, नुसत्या हातापायांच्या जोरावर त्या चढायच्या. सहा ठिकाणं ठरली होती. आरन बेटावर ज्या बाईंच्या अंगणात तंबू ठोकायचा होता, त्या घर विकून निघून गेल्या. ग्लेन नेव्हिसच्या दिवसांत मामाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. आणि आज व्हॅनच वार्षिक तपासणीत नापास झाली, म्हणजे उरलेली ठिकाणंही गेली.

"बुडाचा पत्रा पार गंजलाय," मामा म्हणाला. "तपासणीवाला म्हणाला, ही परत रस्त्यावर आणू नका."

"बसने जाऊ," स्ट्रुअन म्हणाला.

"ही गादी घेऊन?" किर्स्टी म्हणाली. "ड्रायव्हर आपल्याला गादीसकट तळ्यात टाकून देईल."

कुणी हसलं नाही. मॉर्वनने नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना, तेव्हा तिने तसाच तो खुर्चीवर टाकला.

"आपल्या खोऱ्यातल्या धोंडी तर आहेत," ती म्हणाली. "तिथे जायला व्हॅन लागत नाही."

गावामागच्या खोऱ्यात, पाऊण तासाच्या चालीवर, सात धोंडी होत्या. त्यांतल्या सगळ्यांत मोठीला सगळं गाव म्हातारी म्हणायचं. मॉर्वन दोन उन्हाळे तिच्यावर धडपडत होती. शेवटच्या खाचेला तिची बोटं लागायची आणि निसटायची. या वर्षी तिची उंची दोन बोटं वाढली होती.

दुसऱ्या दिवशी गादी पाठीवर बांधून तिघं निघाली. भुरभुर पाऊस होता आणि चिलटं कानात, नाकात शिरत होती. खोऱ्याच्या तोंडाशी वाटेवर दोरी बांधलेली दिसली. दोरीला पाटी होती: 'गरुडाचं घरटं. आत पिल्लं आहेत. पुढे जाण्यास मनाई.'

"झालं," किर्स्टी म्हणाली. "हेही गेलं."

स्ट्रुअन मात्र पाटीकडे टक लावून बघत होता. त्याला पक्ष्यांचं वेड होतं. शाळेत कुणाला काही विचारायचं असेल तर बाईसुद्धा त्याच्याकडे पाठवायच्या.

"गरुड इथे घरटं करायचाच नाही," तो म्हणाला. "त्याला उंच कडा लागतो. या धोंडींवर कोल्हाही चढेल."

"एखादा वेडा गरुड असेल," किर्स्टी म्हणाली.

"मग तो आहे कुठे? पिल्लं असली की नर-मादी सारख्या फेऱ्या मारतात."

तिघं नेच्यांच्या आडोशाला तासभर बसली. आकाशात एक कावळा तेवढा दिसला. पण मॉर्वनला दुसरंच काही दिसलं. दोरीपलीकडे चिखलात रुंद चाकांच्या खुणा होत्या, आणि पावसातही नेच्यांवर पिठासारखी करडी पूड चिकटलेली होती. किर्स्टी वाकून वाकून पुढे गेली आणि परत आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तीन धोंडी नाहीत," ती म्हणाली. "नुसती खडी पडलीये. बाकीच्यांवर नारिंगी रंगाने आकडे घातलेत. म्हातारीला ओळीने भोकं पाडलीत."

एवढ्यात मागून गाडी आली. गॉर्डन पिरी खाली उतरला. तळ्याकाठी सुट्टीच्या झोपड्या बांधायचं कंत्राट त्याचं होतं. तिथवर गाडीरस्ताही तोच करत होता.

"पाटी वाचता येत नाही का रे तुम्हाला?"

"येते की," स्ट्रुअन म्हणाला. "गरुड कुठला आहे, काका?"

"मोठा."

"पिल्लं किती?"

"दोन. तीन असतील."

"घरटं कुठल्या धोंडीवर?"

"त्या सगळ्यांत मोठीवर," पिरीने बेफिकिरीने हात केला. "ऑगस्ट संपेपर्यंत इकडे फिरकायचं नाही. पिल्लं घाबरतात. पळा आता."

किर्स्टीने खिशातला फोन बंद केला. त्याचं बोलणं सगळं त्यात आलं होतं.

घरी मामाने ते दोनदा ऐकलं. मग खिडकीबाहेर बघत बसला. "जमिनीचा मालक लंडनला असतो. त्याने होकार दिला असेल. आपलं कोण ऐकतंय? पोलीस चौकीसुद्धा आता फक्त गुरुवारी उघडते."

"म्हणजे काहीच करायचं नाही?" मॉर्वनने विचारलं.

"काय करायचं ते सुचत असतं तर केलं नसतं का?"

स्ट्रुअन टेबलाखाली पाय हलवत बसला होता. "घरट्याजवळ यंत्र चालवायला बंदी असते," तो हळूच म्हणाला. "कायदाच आहे तसा."

"पण घरटं नाहीये ना रे," मामा म्हणाला.

"पिरी म्हणतो ना, आहे. पाटीवर लिहिलंय, आणि फोनमध्ये बोललाही आहे. मग आपण वनरक्षकांना कळवायचं. घरट्याची काळजी वाटते म्हणून."

मामा पहिल्यांदाच नीट वळून बसला.

वनरक्षक रोना मॅकफेल डोंगराच्या पलीकडे होत्या. त्यांनी फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत येते. तोवर दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही. कबूल?"

सकाळी नऊलाच खोऱ्यातून ठोके ऐकू येऊ लागले. तिघं धावत गेली आणि दोरीपाशी थांबली. पिवळं यंत्र म्हातारीवर घाव घालत होतं. मॉर्वन पुढे जायला निघाली, तेव्हा किर्स्टीने तिचं जाकीट घट्ट धरलं. "कबूल केलंय आपण."

साडेअकराला म्हातारी दुभंगली. अर्धी उभी राहिली, अर्धी घरंगळत ओढ्यात गेली. मॉर्वन चिखलातच खाली बसली. रोनाबाई पोचल्या तेव्हा एक वाजला होता.

त्यांनी पाटी वाचली आणि यंत्र थांबवायची खूण केली. "पिरीसाहेब, इथे गरुडाचं घरटं आहे असं तुम्हीच लिहिलंय?"

"हो. म्हणजे..."

"आणि त्याच्या अंगावरच यंत्र चालवताय. हा गुन्हा आहे."

"अहो बाई, घरटं-बिरटं काही नाहीये. पोरं गोळा होऊ नयेत म्हणून लावली पाटी."

"म्हणजे लोकांची मोकळी वाट खोटं सांगून अडवलीत. तोही गुन्हाच. दोन्हींतलं कुठलं लिहून घेऊ, ते तुम्ही सांगा."

पिरीने मुलांकडे पाहिलं. पाटी स्ट्रुअनने दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

चौकशीत कळलं की पिरीला रस्त्यासाठी खडी काढायची परवानगी खालच्या जुन्या खाणीतून होती. ती लांब पडते म्हणून त्याने इथेच हात घातला होता. खोऱ्यातलं काम कायमचं बंद झालं. शनिवारी गावच्या सभागृहात लोक जमले. सभेच्या अध्यक्षबाईंनी तिघांची नावं घेतली आणि सगळं गाव उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. किर्स्टीच्या आजोबांनी तर डोळे पुसले. स्ट्रुअन लाजून लाल झाला. मॉर्वन मात्र टाळ्या संपायच्या आधीच बाहेर पायरीवर जाऊन बसली.

मामा कुबडी टेकत आला. "शाबास म्हणायला आलोय."

"उशीर केला आम्ही. दीड तास."

"हो," मामा म्हणाला. तो तिच्या शेजारी बसून राहिला.

रविवारी तिघं पुन्हा वर गेली. उरलेल्या तीन धोंडी बुटक्या होत्या. स्ट्रुअन पहिलीवर पहिल्याच दमात चढला आणि मुकाट्याने उतरला. मॉर्वन उभ्या अर्ध्या म्हातारीपाशी गेली. आतून धोंड गुलाबी निघाली होती. हजारो वर्षं पाऊस न लागलेला तो दगड आता भिजत होता. तिने त्याच्यावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवला. नख अडकेल एवढीही खाच लागली नाही.

"नाही जमणार," ती म्हणाली.

"नाहीच जमणार," किर्स्टी म्हणाली.

मॉर्वन ओल्या गवतात बसून चढाईचे बूट घालू लागली. स्ट्रुअनने काही न विचारता दगडाखाली गादी पसरली.