कोरडी मोरी

दौंडला घर बांधलं तेव्हा मोरीत शॉवर बसवायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. बादली आणि तांब्यावर आमचं सगळं निभत होतं. पण दोन हजार चारच्या हिवाळ्यात आईला लकव्याचा झटका आला आणि तिचा डावा हात लुळा पडला. भिंतीला धरून ती चार पावलं टाकू लागली, हात मात्र तसाच. डॉक्टर म्हणाले, स्वतःची कामं स्वतः केली तर हात परत येईल. आईने ते ऐकून भिंतीकडे तोंड केलं. सुनेच्या हातून आंघोळ म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. उभं आयुष्य वडगाव रासाईला भीमेच्या पाण्यात न्हालेली बाई. ओल्या फडक्याने अंग पुसून तिचं काय समाधान होणार?

"डोक्यावरनं धो धो पाणी पायजे," एवढंच ती एकदा बोलली.

टाकी मोरीच्या स्लॅबवरच होती, त्यामुळे शॉवर लावला तरी पाणी नुसतं ठिबकायचं. मी कुरकुंभच्या एका कंपनीत फिटर. म्हटलं, पंप बसवू. सुट्टीच्या दिवशी टाकीपासून पाइप खाली घेतला, जोड गळू नये म्हणून आट्यांना सुतळी आणि सफेदा लावला, पंप बाहेरच्या भिंतीला ठोकून बसवला. पाणी वाहू लागलं की आपोआप चालू, थांबलं की बंद, असा तो पंप.

"कंपनीत पाइप जोडून पोट भरत न्हाई व्हय तुमचं?" माझी बायको माया म्हणाली. पण शॉवरखाली हात धरल्यावर तीही खुश झाली.

खाली स्टूल मांडलं. आईने मान फिरवली.

"मी पडली म्हंजी?"

माझी रात्रपाळी होती, दिवसा घरीच असायचो. दुसऱ्याच दुपारी पंप सुरू झाल्याचा आवाज आला. मी मोरीचं दार ढकललं. आत कोणी नाही, फरशी कोरडी, आणि पंप बंद. गळती असणार म्हणून एकेक जोड चाचपला. कुठे थेंब नाही. मला माझ्याच कामाचा संताप आला; माझा जोड गळतो असं आजवर कंपनीत कुणी म्हटलं नव्हतं.

मग हे रोजचंच झालं. पंप थोडा वेळ चालायचा, अंगाला साबण लावायला लागतो तेवढा थांबायचा, पुन्हा चालायचा. दार उघडलं की गप्प. आई तिकडे खोलीत डोळे मिटून पडलेली असायची.

एकदा मी शॉवरचा कॉकच आवळून बंद केला. तरी पंप चालला.

"अहो, हिकडं या," मायाने घरामागून हाक मारली. तिचा आवाज बदलला होता.

मोरीच्या नळीतून गटारात पाणी पडत होतं. साबणाच्या फेसाचं. मी बोट लावलं. कोमट होतं. घरात ना बंब पेटला होता, ना गिझर होता.

"आत कोण हाय?" मायाने विचारलं.

"कुणी न्हाई."

"काढून टाका ते. आत्ताच्या आत्ता."

खरं सांगतो, मीही टरकलो होतो. शॉवर गेला तर आई पुन्हा फडक्यावर येणार, हे कळत असूनही मी पाना घेऊन आलो.

"मोटार काढू नगं."

आई खोलीच्या दारात उभी होती.

"मला न्हायचंय."

मी पाना ठेवून कॉक उघडला. मायाने एक धुतलेली साडी तिच्या खांद्यावर टाकली आणि तिला धरून मोरीपर्यंत घेऊन गेली. आईने तिचा हात सोडवला, आत गेली आणि कडी लावली.

पंप चालू झाला.

थांबला.

मी दाराकडे धावलो. मायाने माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या."

पंप पुन्हा चालू झाला. खूप वेळ चालला.

कडी निघाली. आई बाहेर आली. केस ओले, धुतलेली साडी नेसलेली. हातात जुनी ओली साडी होती, घट्ट पीळ घातलेली.

साडी पिळायला दोन हात लागतात. माया रडतच म्हणाली, "आत्या, कसं जमलं वो तुमाला?"

"रोजच जमतंय की," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून चिडलीच. "ह्योच मधी दार उघडतो, म्हून रोज आंघोळ अर्धी ऱ्हायची. आज निवांत झाली."